तिळाच्या गल्लीचा सूचनाफलक

तांदळाची खळ, गार होऊन वर साय धरलेली.

बदकाच्या अंड्यांची बरणी. अंडी मिठात मुरत ठेवलेली.

एका विलायती साहेबाचं आडनाव.

विटांची बुटकी भट्टी. तिच्यात फक्त कागद जाळतात.

हातभर निळा धागा.

"...सर्वांनी थरथरून पाळावे."

मित्रांनो, ही सगळी मोडतोड माझीच आहे. माझ्या अंगावर जे चिकटलं आणि माझ्या पायाशी जे घडलं, त्याचे हे तुकडे. मी एक जुना सूचनाफलक आहे. हाँगकाँगच्या चढावर, तिळाच्या गल्लीच्या तोंडाशी, वडाच्या मुळांनी आवळून धरलेल्या दगडी भिंतीवर मी टांगलेला होतो.

माझं लाकूड कापराच्या झाडाचं. सुताराने मला रंधा मारला तेव्हा माझी एका नवरीची पेटी व्हायची होती. माझ्यात रेशमी कपडे राहिले असते आणि त्यांना कधी कसर लागली नसती. पण सरकारचा माणूस दुकानात आला, त्याने बोट दाखवलं आणि पेटी राहिली ती राहिलीच. मला काळा रंग दिला, डोक्यावर पावसासाठी अरुंद पत्रा ठोकला आणि भिंतीवर चढवलं. माझा कापराचा वास रंगाखाली गेला. पावसाळ्यात तेवढा थोडा यायचा.

पहिली काही वर्षं माझं फार कौतुक झालं. खळवाला फान बादली आणि कुंचा घेऊन आला की गल्ली गोळा व्हायची. वर साहेबाच्या भाषेत आणि खाली आमच्या लिपीत अशी सूचना तो चिकटवायचा आणि मग मोठ्याने वाचून दाखवायचा, कारण वाचता येणारे थोडेच. प्रत्येक सूचनेच्या शेवटी जुन्या दरबारी थाटात एकच वाक्य असे, की हे सर्वांनी थरथरून पाळावे. फान तिथे थांबून म्हणायचा, "चला, थरथरा." मग सगळी गल्ली खांदे हलवून थरथरायची. टोफूवाला कावडीच्या टोपल्या खुळखुळवायचा. लाम वहिनी हातातली सुई थरथरवायची आणि तोंडाला बाही लावून हसायची.

लाम वहिनी माझ्याच खाली बसायची. बोटींवरच्या खलाशांचे कपडे शिवून द्यायचा तिचा धंदा. छोटा स्टूल, दोऱ्यांची रिळं आणि पाठ माझ्याकडे. तिचा मुलगा तिन-योक सिंगापूरला गोदीवर हमाली करत होता. तो निघाला तेव्हा तिने निळ्या दोऱ्याचं एक रीळ त्याच्या बोचक्यात टाकलं होतं, कारण फाटक्या सदऱ्यात लोकांपुढे गेलेलं तिला चालत नसे. त्याची खबर वर्षातून एकदा मोक आणायचा. मोक हा पाण्यावरचा माणूस. इकडून तिकडे बोटीने जायचा आणि ओळखीच्या घरांची पत्रं, औषधं, सुकी मासळी पोचवायचा. त्याला पत्ता लागत नसे. "तिळाची गल्ली, वडाखालची शिवणारी" एवढं पुरे होतं.

गल्लीतले तिसरे माझे माणूस म्हणजे चीउ काका. पाठीला बांबूची टोपली आणि हातात चिमटा. रस्त्यात पडलेला लिहिलेला कागद ते उचलत. आमच्याकडे अक्षर पायाखाली येऊ देत नाहीत. ते गोळा करून देवळामागच्या भट्टीत जाळतात आणि राख समुद्रात सोडतात. काकांना स्वतःला एकही अक्षर वाचता येत नव्हतं. त्यामुळे त्यांना सगळी अक्षरं सारखीच मोठी वाटत. माझ्यावरून खरवडलेल्या जुन्या सूचनाही ते दोन्ही हातांनी उचलून टोपलीत ठेवत. माझी इतकी अदब दुसऱ्या कोणी ठेवली नाही.

आता तीन कागदांची गोष्ट ऐका.

पहिला कागद रस्त्यांचा. या गल्लीला आजपासून कार्सवेल स्ट्रीट म्हणावे, जुने नाव सरकारी कामात चालणार नाही. कार्सवेल कोण, ते फानलाही माहीत नव्हतं. टोफूवाला म्हणाला, "त्याने इथे कधी टोफू खाल्ला होता का?" सगळे थरथरले आणि कामाला लागले. तेलाचा घाणा कधीच बंद पडला होता, पण गल्लीला तिळाचा वास होता, तो तसाच राहिला.

दुसरा कागद जहाजांचा. अमुक कंपनीच्या बोटींना टपालबोटींचा मान दिला आहे. त्यांनी रविवारी माल उतरवावा, त्यांनी रांगेत थांबू नये, त्यांनी आपल्या सोयीने बंदर सोडावे. यादीत कॅथरीन बेल नावाची बोट होती. फानने नावं भरभर वाचून टाकली. बोटींना मान मिळाला तर त्यात गल्लीचं काय जातं?

तिसरा कागद टपालाचा. खाजगी माणसाने पत्रे वाहून नेऊ नयेत. सापडल्यास ती टपालखात्यात जमा होतील आणि नेणाऱ्याला दंड किंवा कैद. ज्यांचा पत्ता लागणार नाही ती पत्रे कचेरीजवळच्या सूचनाफलकावर लावली जातील.

तीनही कागद एका महिन्यात आले. तिघांची खळ एकाच बादलीतली. माझ्या अंगावर ते कडेला कडा लावून वाळले. मित्रांनो, ते तिघे शेजारीशेजारी काय करणार आहेत, हे साहेबाला ठाऊक नव्हतं, फानला नव्हतं, आणि मलाही नव्हतं. आणि बाई तिघांच्या खाली बसून शिवत होती.

मोक त्याच पंधरवड्यात बंदरावर पकडला गेला. त्याच्या कमरेच्या पट्ट्यातली पत्रं काढून घेतली. दंड भरायची ऐपत नव्हती म्हणून त्याला आत टाकलं. पत्रं टपालकचेरीत गेली. तिथल्या नव्या नकाशात तिळाची गल्ली नव्हतीच. मग एके सकाळी टपालाचा एक नवखा शिपाई आला आणि त्याने माझ्या खालच्या कडेला काही पाकिटं टाचून ठेवली. लाम वहिनीने त्याला सरकून जागा दिली. त्यातलं एक पाकीट पिवळट होतं, आणि ते चिकटवलेलं नव्हतं, शिवलेलं होतं.

त्याच दुपारी समुद्रावरून वारा सुटला, मग सर आली. टाचणीची काय ताकद! ते पाकीट सुटून गटारात पडलं. एक कावडीवाला त्याच्यावरून गेला. शाई पसरली.

चीउ काकांनी ते पाहिलं. त्यांना वाटलं, कोणीतरी वाचून टाकून दिलेलं आहे. ते लगबगीने वाकले.

"बघ ग वहिनी, लोकांना लाजच उरली नाही. एवढं भरून लिहिलेलं, आणि गटारात."

"चिखल पुसा आधी काका. तसंच भट्टीत घालू नका." तिने आपल्या बोचक्यातला स्वच्छ फडका काढून दिला. "हळू. अक्षर पुसेल."

काकांनी पाकीट पुसलं. कडेचा धागा ओढून काढला. धाग्यावर काही लिहिलेलं नव्हतं, तो जाळायचं कारण नव्हतं.

"हा घे. चांगला आहे अजून."

वहिनीने धागा बोटाला गुंडाळला आणि रिळावर चढवला. काकांनी पत्र टोपलीच्या झाकणावर वाळवलं, देवळामागे नेलं, कपाळाला लावलं आणि जाळलं.

मला वाचता येत होतं, मित्रांनो. ज्याच्या अंगावर जन्मभर अक्षरं चिकटवली, त्याला ती येणारच. पाकिटावरचं नाव मी वाचलं होतं. पण लाकडाला तोंड द्यायला सुतार विसरला.

पुढच्या आठवड्यात कॅथरीन बेल आली. शनिवारी संध्याकाळी बंदरात शिरली, रविवारी दिवसभर माल उतरवला आणि सोमवारी उजाडताना गेली. पूर्वी अशी बोट रविवार पाळायची, धक्क्याची वाट पाहायची आणि तीन-चार दिवस तरी थांबायची.

मोक सुटून आला तेव्हा त्याची हनुवटी टोकदार झाली होती. तो सरळ लाम वहिनीकडे आला आणि हसून म्हणाला, "काय वहिनी, भेटला ना पोरगा?"

"कुठला पोरगा?"

"तुझा. तिन-योक. पत्रात सगळं लिहवून घेतलं होतं त्याने माझ्यासमोर." मोकचं हसू हळूहळू गेलं. "कॅनडाला गेला, रेल्वेच्या कामाला. करार केलाय. त्याची बोट, कॅथरीन बेल, इथे थांबणार होती, पण करारवाल्यांना खाली उतरू देत नाहीत. म्हणून म्हणत होता, आईला सांगा, छोटी सांपान होडी करून बोटीच्या बाजूला ये. मी कठड्याशी उभा राहतो. तीन दिवस आहेत, कधीही ये."

 वहिनीने पायाशी ठेवलेल्या बरणीकडे पाहिलं. पोरगा आला की द्यायची म्हणून बदकाची अंडी मिठात घालून ती बरणी ती रोज कामावर आणायची आणि घरी न्यायची. घरी उंदीर होते.

मोक म्हणत होता की पत्र टपालकचेरीत असेल, आपण विचारू. पिवळं पाकीट आहे. डिंक महाग म्हणून पोराने ते शिवलं होतं, तू दिलेल्या निळ्या दोऱ्याने.

चीउ काका जवळच उभे होते. त्यांनी टोपली खाली ठेवली. आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी पुसून जाळलं ग. नीट पुसून जाळलं."

"माझाच फडका होता, काका," लाम वहिनी म्हणाली.

एवढंच. ती रडली असेल तर घरी रडली. दुसऱ्या दिवशी ती माझ्याखाली बसली, तशीच पाठ करून. बरणी आणली नाही. अंडी पुढे इतकी खारट झाली की ती कोणी खाल्ली नाहीत. तिन-योकची पुन्हा खबर आली नाही. मोकने बोटी सोडल्या आणि तो बंदरावर दोर ओढायला लागला. टपालाने पत्र पाठवायला तिन-योकच्या त्या नव्या मुलखात कोणाला आमच्या गल्लीचं नवं नाव माहीत असणार?

काही दिवसांनी माझ्यावरची टपालाची सूचना एका कोपऱ्यातून सुटली आणि गटारात पडली. फान नवी चिकटवायला आला होता. तो म्हणाला, "काका, सरकारचं अक्षर पडलंय बघा. उचला की."

"पाठ धरलीय रे माझी," चीउ काका म्हणाले. आणि दोन पावलांवर शेंगदाण्याच्या पुडीचा छापील कागद पडला होता, तो त्यांनी पार कमरेत वाकून उचलला, झटकला आणि दोन्ही हातांनी टोपलीत ठेवला. सूचनेला त्यांनी वळसा घातला. त्यांच्यामागून येणाऱ्या टोफूवाल्याने घातला नाही. तो तिच्यावर पाय देऊन गेला. मग सगळेच जायला लागले.

फानने नवी सूचना वाचली. शेवटचं वाक्य आलं. तो सवयीने थांबला. कोणी थरथरलं नाही.

त्यानंतर माझे दिवस फिरले. लोक माझ्याकडे पाहीनासे झाले. मुलं माझ्यावर नेम धरून दगड मारत. वडाची मुळं माझ्यामागे शिरली आणि मला भिंतीपासून सुटं करत राहिली. सरकारने लोखंडाचा नवा फलक आणला तेव्हा मला काढून एका बदकवाल्याला दिलं. आता मी त्याच्या खुराड्याचं दार आहे. रंग उडाला आहे. पाऊस पडला की कापराचा वास येतो आणि बदकं शिंकतात.

मित्रांनो, जुनं लाकूड जपा असं मी सांगणार होतो. माझ्यासारख्यांनी ते सांगायचं असतं. पण लाकडाचं काय, लाकूड दार होतं. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातला कोणीतरी खुर्चीवर बसेल आणि कुठल्यातरी भिंतीवर लावायला कागद लिहील. त्या दिवशी एवढं करा. खळ वाळेपर्यंत तिथे थांबा. भिंतीखाली कोण बसलं आहे ते खाली वाकून पाहा. तिला तिच्या गल्लीचं नाव विचारा, आणि ती सांगेल तेच लिहून घ्या.

कॅथरीन बेल बंदरात उभी होती, त्या रविवारी दुपारी त्याच बोटीचा एक खलाशी माझ्यापाशी आला होता. त्याच्या निळ्या शर्टाचा खांदा उसवला होता. लाम वहिनीने तो रिळावरच्या त्याच हातभर धाग्याने शिवला, आणि शर्ट घालून तो बोटीवर परत गेला.