दुसरा श्वास

मित्रांनो, मी एक जुना काळा टेलिफोन आहे. तुमसर तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात, औषधांच्या मोडक्या कपाटात पडून असतो. माझी तार कापून बरीच वर्षे झाली. तरी मला अजून ऐकू येते.

१९७८ साली मी इथे आलो, तेव्हा माझी कोण ऐट! निर्मलाबाई नावाच्या नर्स मला रोज सकाळी फडक्याने पुसत. डॉक्टर एकच आणि गावे तीसेक. मग लोक पोस्टातून, राइस मिलमधून फोन करू लागले आणि निर्मलाबाई सल्ला देऊ लागल्या. तापाला ओली पट्टी, जुलाबाला साखर-मिठाचे पाणी. ऐन रोवण्यात, म्हणजे भातलावणीत, दवाखान्याच्या फेऱ्यांपायी बायांची रोजी बुडेनाशी झाली. डॉक्टरांनाही अडल्या रोग्यांकडे नीट बघायला वेळ मिळू लागला. "अर्धा दवाखाना हा फोनच चालवतो," असे ते म्हणत आणि मी फुगून जाई.

एक गोष्ट मात्र कुणालाच माहीत नव्हती. बोलणाऱ्याच्या आसपास कोण कोण श्वास घेते आहे, ते मला ऐकू येई.

१९८१च्या उन्हाळ्यात एका दुपारी सिहोऱ्याच्या पोस्टातून तेजराम नावाच्या एका बापाचा फोन आला.

"बाई, पोरीले हगवण लागली."

"पाणी पिते का?"

"पिते ना."

"पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, की लगेच बसते का, की अंगातलं पाणी आटून तशीच उभी राहते?"

"हो बाई, बसते."

"मग साखर-मिठाचं पाणी पाजत राहा. घाबरू नका."

मला पोस्टातले शिक्के ऐकू आले. सायकल हाणत आलेल्या तेजरामची धाप ऐकू आली. दुसरा श्वास नव्हता. पोरगी दूर गावात, घरी होती आणि हा सकाळचे पाहिलेले सांगत होता. बाईंच्या शब्दाला नाही कसे म्हणायचे, म्हणून होला हो म्हणत होता. मी जीव तोडून खरखरलो. बाईंना वाटले, लाइन खराब आहे.

तिसऱ्या दिवशी तेजराम केंद्रात आला. तो भांडला नाही. दारात उभा राहून एवढेच म्हणाला, "मी घरी पोचलो तं पोरगी थंडगार पडली होती, जीव गेला होता. बाई, तुमी पुसलंच नाही, पोरगी कोठं आहे म्हणून."

त्यानंतर विचित्र घडू लागले. कुणी रोग्याला घरी ठेवून एकटाच फोन करायला आला, की त्याच्या आवाजामागून एक बारीक श्वास येई. भराभर, मग थांबून, मग पुन्हा. तो आता बाईंनाही ऐकू येई. त्या त्याचे बोलणे मध्येच तोडून विचारत, "पेशंट कुठं आहे? आधी त्याला घेऊन या." त्यामुळे किती पोरे वाचली! पण तेजराम येऊन गेल्यापासून बाई पुन्हा हसल्या नाहीत, याचे मला अजून वाईट वाटते.

१९८८ साली नवा फोन आला आणि मी कपाटात गेलो. निवृत्तीच्या दिवशी भरदुपारी बाईंनी मला बाहेर काढले, तार कापलेली असूनही रिसीव्हर कानाला लावला आणि हळूच विचारले, "पोरी, कुठं आहेस?" मग बराच वेळ ऐकत उभ्या राहिल्या.

मित्रांनो, दुसऱ्याचे दुखणे फोनवर सांगायचे असेल, तर आधी त्याच्याजवळ जा, हात लावून पाहा. आणि सल्ला द्यायचा असेल, तर तो माणूस कुठे आहे, ते आधी विचारा. कधी मला कानाला लावलेत आणि श्वास ऐकू आला, तर भिऊ नका. ती तेजरामची पोर आहे; तिलाही तेवढेच विचारा, कुठं आहेस.