गुडघ्याचा पट्टा

बसल्या जागी पाय हलवायची माझी खोड जुनी. आई म्हणते, तुझ्याकडे बघूनच मला दमायला होतं.

माझं काम होकायंत्रांच्या सेन्सरमधली चूक काढण्याचं. टेबलावर उत्तरेची रेघ आखलेली आहे. सेन्सर त्या रेघेवर ठेवायचा आणि तो जेवढा चुकेल तेवढा फरक त्याच्यात भरून टाकायचा. पुढे तो स्वतःच तेवढा वजा करतो. खोलीत लोखंडाला मज्जाव. टेबल लाकडी, स्क्रू पितळेचे, किल्ल्या आणि फोन दाराबाहेर.

त्या दिवशी सकाळपासून माझं डोकं फिरलं होतं. कालच्यासारखाच पेटीतला प्रत्येक सेन्सर चुकत होता, तोही एकाच बाजूला. एखादा चुकला तर समजू शकते, पण सगळ्यांनी मिळून कट करावा? बनवणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडत मी पाय हलवायला लागले, तर पडद्यावरचा आकडाही हलायला लागला. पाय थांबवला. आकडा थांबला.

गुडघा दुखतो म्हणून आईने परवा पट्टा शिवून दिला होता. तो चाचपला. अस्तरात कडक चकत्या लागल्या. काल याच पेटीतला, मीच दुरुस्त केलेला सेन्सर दादाच्या बोटीवर बसला होता. बाहेर दाट धुकं होतं आणि दादा समुद्रात होता. मी दाराबाहेर धावले आणि त्याला फोन लावला.

"दादा, होकायंत्राकडे बघू नकोस."

"मग काय बघू, तुझं तोंड? इथे माझा हात मला दिसत नाहीये."

"नांगर टाक. मी त्यात चुकीची उत्तर दिशा भरलीय."

तो हळूच म्हणाला, "तरीच. खडकावरची घंटा उजवीकडे हवी, ती समोर वाजतेय." आणि संपर्क तुटला.

साहेबांना सांगून मी पेटी अडवली आणि घर गाठलं. पट्टा आईपुढे टाकला.

"यात काय घातलंस?"

"लोहचुंबक. दुखणं ओढून घेतं म्हणे. सांगितलं असतं तर घातला असतास?"

"नसता."

"मग? थांबलं ना दुखायचं?"

थांबलं होतं. त्याचाच मला जास्त संताप आला. "आई, हा घालून मी दादाचं होकायंत्र लावलं. तो धुक्यात आहे. फोन लागत नाहीये."

आई कात्री घेऊन टाके उसवायला बसली. मी दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत होते आणि ती एकदाही मला बस म्हणाली नाही. चकत्या निघाल्या, तरी रिकामा पट्टा ती उसवतच राहिली.

धुकं विरल्यावर दादा आला, नखशिखांत भिजलेला. "नांगराने तळ धरला तेव्हा खडक हाताला लागेल इतका जवळ होता," म्हणाला आणि पायरीवरच बसला.

मी त्याच्याकडे धावले, तशी गुडघ्यात कळ आली. मी कण्हले. एरवी माझं बोट कापलं तरी आई घर डोक्यावर घेते.

"दुखू दे," ती म्हणाली. दादाची ओली बाही तिने घट्ट धरली होती.