रोडरोलरला हरायचं होतं

"क्लच आहे तो, पायपुसणं नाही! आणि तू काय दात काढतोस रे? तिला चुकायला निदान गाडी तरी मिळालीय. तुला तर साधी पेन्सिलसुद्धा धड चालवता आली नाही!"

"मी कुठे हसलो, बाबा?"

"तोंड आहे ना ते? मग बंद करायची सोयही असेल त्याला. बघ शोधून, कुठे बटण आहे ते."

मित्रांनो, हे भांडण एका ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात चाललं होतं. बोलणारे त्या स्कूलचे मालक. येणारे-जाणारे त्यांना सर म्हणतात. ज्याला बोलत होते तो त्यांचा मुलगा. शाळा अर्ध्यात सोडलेला, म्हणून ऑफिसात फोन उचलायला बसवलेला. आणि जिचा पाय क्लचवर होता ती बाई स्टिअरिंगला असं धरून बसली होती, जणू गाडी नाही, बुडणारी होडी आहे. सर तिच्या शेजारी बसले, त्यांच्या पायाशी त्यांचा स्वतःचा वेगळा ब्रेक असतो, तो त्यांनी दोनदा दाबून बघितला, आणि गाडी आचके देत निघून गेली.

मी तेव्हा जन्मलो नव्हतो. अजून पाच मिनिटं होती.

मी एक जुना पैलवान आहे. हात लावून बघाल तर सापडणार नाही, कारण मला हाडंच नाहीत. इंटरनेटवर एक आखाडा आहे. तिथे कुणी कुणाला खरं उचलून आपटत नाही, सगळं लिहायचं असतं. प्रत्येकाने एक कॅरेक्टर बनवायचं. कुस्तीच्या आधी आपल्या कॅरेक्टरचं भाषण लिहायचं, की समोरच्याला मी कसा लोळवणार, कसा रडवणार. तीन पंच दोन्ही भाषणं वाचतात. ज्याचं भारी, तो जिंकला. हसू नका. तुम्ही मोठ्या पडद्यावर जे बघता तेही कुणीतरी आधी लिहिलेलंच असतं.

कॅरेक्टर लिहिणाऱ्याला तिथे चालक म्हणतात. माझा चालक म्हणजे हा मुलगा.

गाडी वळणाआड गेली तशी त्याने खुर्चीला लाथ घातली, मग तीच खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसला. आखाड्याच्या पानावर गेला. नाव काय? त्याने खिडकीतून बाहेर बघितलं. समोर रस्ता नव्याने करत होते, रोडरोलर खडी दाबत पुढेमागे चालला होता. झालं माझं बारसं. वजन? 'काटा मोडला.' सज्जन की दुर्जन? दुर्जन. शेवटचा डाव? 'हँडब्रेक.' समोरचा धावत आला की मान बगलेत पकडून जागच्या जागी थांबवायचा. शेवटचा रकाना होता, कच्ची बाजू. तिथे त्याने लिहिलं, 'नाही.'

मुख्य पंचाने अर्ज परत पाठवला. "कच्ची बाजू नाही असं कॅरेक्टर इथे चालत नाही. हरायची जागा ठेवावी लागते, भाऊ." चालक चिडला. दोन शिव्या पुटपुटला आणि काहीतरी लिहायचं म्हणून लिहिलं, 'डावा गुडघा.' त्या गुडघ्याला कधी काही झालेलं नाही. तो खोटाच आहे.

मग पहिलं भाषण. समोर 'विजेचा खांब' नावाचा उंच, सुकडा पैलवान होता. चालकाने दोन मिनिटं विचार केला आणि टाइप केलं, 'तोंड आहे ना ते? मग बंद करायची सोयही असेल त्याला.' पुढे सगळं तसंच, जसं कानात ताजं होतं तसं.

आखाडा वेडा झाला. "भाऊ, सुचतं कुठून?" "काय बोलतो राव तुमचा रोडरोलर, अंगावर काटा आला." माझा चालक खुर्चीत दोन इंच वर आला. त्याने उत्तर दिलं, "सुचतं असंच." मित्रांनो, काहीही सुचत नव्हतं. तो नुसता ऐकत होता. सर एखाद्याला झापून बाहेर पडले की तो ओठ हलवत वाक्य घोळवत बसायचा आणि दार लागलं की टाइप करायचा. देवाने अक्कल वाटली तेव्हा तू कुठल्या रांगेत होतास, हे सरांचं. रडण्यात तरी पहिला ये, हे सरांचं. मी म्हणजे सर, फक्त लाल चड्डी घातलेले.

मी जिंकत गेलो. माझी पोस्टरं बनली. माझ्यावर जळणारे झाले, मला घाबरणारे झाले, माझी नक्कल करणारेही झाले. त्याची धाकटी बहीण शाळा सुटली की ऑफिसात यायची. टेबलासारख्या ज्या आडव्या फळ्यावर सर खेळण्यातल्या गाड्या सरकवून वळणं शिकवतात, त्या फळ्यावर वही ठेवून ती अभ्यास करायची आणि मान वाकडी करून स्क्रीन वाचायची. "दादा, हा तुझा माणूस घरी आला तर आई त्याला दारातूनच हाकलेल हं." तो हसायचा. तेव्हा तो हसायचा तिच्याशी.

पुढे पुढे भलतंच व्हायला लागलं. मोठी कुस्ती आली की याच्याकडे नवीन वाक्यं नसायची. मग हा मुद्दाम घोळ घालायचा. दोन शिकाऊंना एकच वेळ द्यायची. ते दोघं दारात भांडले की सर आत येऊन याच्यावर कोसळायचे आणि हा खाली मान घालून, कान उघडे ठेवून सगळं गोळा करायचा. मी जेवढा मोठा होत होतो तेवढा तो मार खात होता, आणि दोन्ही गोष्टी त्याला एकच वाटायला लागल्या होत्या.

आता पाणघोड्याबद्दल सांगतो. पाणघोडा म्हणजे एक ढेरपोट्या पैलवान. सज्जन. समोरच्याला पाडलं तरी हात देऊन उठवायचा आणि म्हणायचा, "ये रे बाळा, दमलास ना?" त्याचा चालक कुठल्याशा दवाखान्यात कंपाउंडर. पट्ट्या बांधता बांधता फोनवर लिहायचा. कितीतरी वर्षं तो अजिंक्यपदाच्या पट्ट्यापर्यंत यायचा आणि हरायचा. कधी कुरकुर नाही. नियमाला तर असा पक्का, की विचारू नका.

आखाड्याचा एक नियम होता, दुसऱ्याच्या कॅरेक्टरला दुखापत करायची तर आधी त्याच्या चालकाला विचारायचं. आमची पट्ट्याची कुस्ती ठरली आणि कंपाउंडरचा निरोप आला.

"भाऊ, मी जिंकलोच तर तुमच्या रोडरोलरचा हात मोडला तर चालेल का? डावा. दोन आठवडे गळ्यात पट्टी, मग ठणठणीत. नको असेल तर नुसता मुरगळू."

माझा चालक फिदीफिदी हसला. "बघ गं, हात मोडायला परवानगी मागतोय येडा."

बहीण म्हणाली, "चांगलंय की. मारायच्या आधी विचारतो तरी."

त्याने खुर्ची पुढे ओढली. मग लिहिलं, "मोडा. आधी जिंका."

आणि तो जिंकला. तिन्ही पंचांचा निकाल एकच. पाणघोड्याचं भाषण फार साधं होतं. मी लोकांना काय काय बोललो ते त्याने एकेक आठवलं होतं आणि शेवटी विचारलं होतं, 'रोडरोलरा, तुला हे सगळं कुणी ऐकवलं रे?' एवढंच.

इथे दुसरा नियम येतो, आणि तोच आम्हाला नडला. जो हरतो त्याच्याच चालकाने कुस्ती लिहायची. म्हणजे दुसरं कुणी तुमची इज्जत काढत नाही, तुमचं पडणं तुमच्याच हाताने. फक्त भाषण असो की कुस्ती, समोरच्याच्या तोंडी आपल्या मनाचं काही घालायचं नाही. त्याला हवं ते त्याने आधीच कळवलेलं असतं. हा तोंडी घालण्याचा नियम माझ्या चालकाने आधी भाषणांत दोनदा मोडला होता, दोनदा ताकीद मिळाली होती. तिसऱ्या वेळी रोडरोलर कायमचा बाद, हे मुख्य पंचाने स्पष्ट सांगितलं होतं.

कंपाउंडरने कळवलं, "हात मोडा, मी हात देऊन उठवेन. आणि भाऊ, पडल्यावर रोडरोलरने एक वाक्य बोलावं. काहीही चालेल. लोक त्याचीच वाट बघतायत."

मित्रांनो, खरं सांगतो, मीही वाट बघत होतो. जिंकून जिंकून माझा घसा बसला होता. आडवं पडल्यावर आपण काय बोलतो ते मला एकदा ऐकायचं होतं.

दुपारची वेळ. चालक लिहायला बसणार तेवढ्यात सर आत आले. एका शिकाऊने गाडी कठड्याला घासली होती, म्हणून लवकर परतले होते. स्क्रीनवर माझं भाषण उघडं होतं.

"हे काय चाललंय?"

"खेळ आहे, बाबा."

सरांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि मोठ्याने वाचायला लागले. "'पाणघोड्या, देवाने अक्कल वाटली तेव्हा तू पुढच्याला विचारत बसला होतास, ही रांग कसली आहे.'" सर खो खो हसले. पुढे वाचलं. "'रड. रडण्यात तरी पहिला ये. दुसरं काही तुला जमणार नाही, हे तुझ्या आईलाही माहीत आहे.'" हसू थांबलं.

"कोण आहे हा?"

"रोडरोलर. दुर्जन आहे."

"नालायक आहे! असं बोलतं का कुणी माणसाशी? घरात कुणी वळण लावलेलं दिसत नाही."

"बाबा, पण हे तर तुम्हीच..." बहिणीने तोंड उघडलं. चालकाने फळ्याखालून तिच्या पायावर पाय दिला. "आई गं! दादा!"

"शेवटी हरतो ना हा?"

"हो. आज मलाच लिहायचंय."

"मग चांगला हरव. माज उतरव त्याचा. पाय धरायला लाव सगळ्यांचे!" असं म्हणून सर बंपर बघायला बाहेर गेले.

बहीण हळूच म्हणाली, "दादा, बाबांना कळलंच नाही रे."

"गप बस."

त्याने लिहायला सुरुवात केली, आणि काय सुंदर लिहिलं! घंटा झाली. मी धावलो. पाणघोड्याने मला पोटावर झेललं, उचललं, फिरवलं. आखाड्याची फळी कडाडली. डावा हात गेला. मी पाठीवर पडलो. वर दिवे. पाणघोड्याचा हात माझ्याकडे येतोय. चालकाने टाइप केलं, 'रोडरोलर म्हणाला,' आणि थांबला.

त्या स्वल्पविरामावर तो किती वेळ बसून होता!

तो आठवत होता. सर कधी चुकले होते? एकदा स्वतः गाडी मागे घेताना खांबावर आदळले होते, तेव्हा म्हणाले, खांबच चुकीच्या जागी रोवलाय. एकदा याला कानफटात मारली आणि मागून कळलं की चूक दुसऱ्याचीच होती, तेव्हा म्हणाले, "राहू दे, पुढच्या वेळची आत्ताच मिळाली समज." आई म्हणाली होती, जाऊ दे, स्वभाव आहे त्यांचा. बास, एवढंच. माझं प्रत्येक वाक्य त्याने ऐकून लिहिलं होतं, आणि हे वाक्य त्या घरात कुणी बोललंच नव्हतं.

बाहेरून आवाज आला. "डोळे आहेत की बटणं शिवलीयत? एवढा मोठा कठडा दिसला नाही?" शिकाऊ काहीतरी पुटपुटत होता. चालकाचे कान लाल झाले. त्याने शेवटच्या दोन ओळी पुसल्या.

आणि मी उठलो. मोडका हात घेऊन उठलो. मला उठायचं नव्हतं, पण मला कोण विचारतो? मी पाणघोड्याची मान बगलेत धरली. हँडब्रेक. आणि त्याला गुडघ्यावर आणून चालकाने त्याच्या तोंडी लिहिलं, 'चुकलो मी. परत नाही होणार. मारू नका. एकदा नीट बघा तरी माझ्याकडे, मी पण काहीतरी करतोय.'

बहीण वाचत होती. तिने वही मिटली. "दादा, पाठवू नकोस."

त्याने पाठवलं.

थोड्याच वेळात कंपाउंडरचा निरोप आला. "भाऊ, वाचलं. पट्ट्याचं जाऊ दे. पण माझा पाणघोडा असं बोलत नाही हो. हे कोण बोलतंय? सगळं ठीक आहे ना तुमच्याकडे?"

मित्रांनो, माझ्या चालकाला एवढ्या वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. त्याने तो निरोप दोनदा वाचला. बोटं टाइप करायला टेकवली. मला वाटलं, आता लिहील. खरंच वाटलं. त्याने लिहिलं, "तुला काय करायचंय? लिहिता येत नसेल तर मलमपट्ट्या कर जाऊन."

हे मात्र सरांचं नव्हतं. त्याचं स्वतःचं होतं, अगदी ताजं.

मुख्य पंचाने दोन ओळींत संपवलं. रोडरोलर बाद, चालकही बाद. कुस्ती रद्द, पट्टा कुणालाच नाही. पाणघोडा पुढे महिनाभर दिसला, मग तोही यायचा बंद झाला. माझं पान काढून टाकलं. आता तिथे माझं नाव टाकलंत तर पांढरा पडदा येतो. माझी नक्कल करणारे दुसऱ्याची करायला लागले. जग असंच आहे, त्याचं मला फार नाही.

सांगायचंय ते एवढंच. मित्रांनो, कॅरेक्टर बनवा. मोठं बनवा, दुर्जन बनवा, काटा मोडेल एवढं जड बनवा. पण 'चुकलं माझं' म्हणायला त्याला आधीच शिकवून ठेवा. आयत्या वेळी ते सापडत नाही, आणि मग ते बिचारं उभंच राहतं, थकलं तरी उभंच. नियम करणारे काही येडे नसतात.

पान गेलं तेव्हा मला वाटलं होतं, सुटलो, आता मला कुणी उठवणार नाही. तसं झालं नाही. मला राहायला दुसरी जागा मिळाली.

आत्ताच बघा ना. सर नव्या शिकाऊला घेऊन बाहेर गेलेत. ऑफिसात दोघंच आहेत. बहिणीचं गणित तिसऱ्यांदा चुकलंय. ती वही घेऊन त्याच्या खुर्चीपाशी उभी आहे. "दादा, एवढंच सांग ना रे, मला जमत नाहीये." त्याने अजून मान वर केलेली नाही, पण ओठ हलायला लागलेत. माझं कुठलं वाक्य, ते मला कळलंय.

मला जायला हवं आता. त्याने तोंड उघडलंय.