हळदीच्या फडक्याचा कौल

दिंडोरीच्या वेशीबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये एकतीस बायका, हळदीत भिजवलेल्या फडक्यांची एक परात, चिरलेल्या लिंबांची एक टोपली आणि खुर्चीवर एक भिमाजी महाराज. साल २००९, द्राक्षांची छाटणी नुकतीच उरकलेली.

पल्लवी भिंतीला टेकून उभी होती. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती एचआयव्ही असलेल्या बायकांची समुपदेशक झाली होती. आज ती आली होती कुसाबाईसाठी.

कुसाबाई द्राक्षबागेतली मजूर. ट्रक चालवणारा नवरा एड्सने गेला. तिच्याही एचआयव्हीच्या गोळ्या नाशिकहून चालू होत्या. दोन वर्षांपूर्वी तिच्या गर्भपिशवीच्या तोंडावर आठ मिलिमीटरचा डाग सापडला होता. असा डाग एचपीव्ही या विषाणूमुळे पडतो. हा विषाणू बहुतेकींच्या शरीरातून आपोआप जातो; एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खचली असेल, तर तो मुक्काम ठोकतो आणि पुढे कर्करोग होऊ शकतो. डाग गोठवून नष्ट करायची तारीख ठरली होती. त्या दिवशी कुसाबाई महाराजांकडे गेली.

"मूठ आवळ, माय!" महाराज गरजले. "फडकं लाल झालं, तर पिशवीत रोग! माझ्या तीर्थानं पिवळं झालं, की रोग पळाला! पण डॉक्टरनं आत हत्यार घातलं, की दुप्पट चढतो. मग माझ्या नावानं बोंबलू नका!"

कुसाबाईने मूठ उघडली. फडकं लालभडक. महाराजांनी लिंबू पिळलं; पिवळं.

"पाचव्यांदा गेला बघा, ताई," ती पल्लवीच्या कानाशी लागली.

"पाचदा गेला, म्हणजे चारदा परत आला की. आणि अंगावरून जातं ते?"

"जातंय अजून. महाराज म्हनत्यात, घान निघतीय."

मजूर बायकांची फडकी लाल होत होती. बागमालकीण लताबाईंचं पिवळंच राहिलं. "पुण्याई!" महाराज म्हणाले.

पल्लवीने कुसाबाईचे हात पाहिले. नखांत निळसर पांढरं काहीतरी. छाटणीनंतर वेलीच्या खोडांना लावायची पेस्ट: मोरचूद आणि चुना.

दारात महाराजांचा चेला गोरक्ष तंबाखूला चुना मळत होता.

"गोरक्षभाऊ, एक फडकं धरा की मुठीत."

"मी? मला कशाला?"

"धर की रं, भितो काय!" रांगेतली गोजराबाई ओरडली.

त्याने धरलं. उघडलं. लाल.

"अगं बया! गोरक्षाला पिशवीचा रोग!" शेड हसून फुटलं. मग लताबाईंनी त्याच्या डबीतला चुना बोटावर घेऊन आपल्या फडक्याला पुसला. पुण्याईही लाल झाली.

"हळदीला चुना लागला की लाल, लिंबू पडलं की पुन्हा पिवळी," पल्लवी म्हणाली. "तुम्ही बागेतून थेट इथे येता, म्हणून तुमची लाल. फडक्याला हात कळतो, पिशवी कळत नाही. ती डॉक्टरांनीच बघावी लागते. कुणी काही सांगितलं, तर आधी पडताळा, बायांनो. मी सांगितलं, तरी पडताळा."

"नास्तिक!" महाराज उठले. पुढच्या गुरुवारी त्यांची परात नांदगावला मांडली गेली. तिथेही गर्दी होती.

कुसाबाई हसली नव्हती. ती पदराने हात पुसत राहिली.

"म्हंजी ताई, दोन वरसं म्या त्या रोगाला निस्ता चुना दाखवला?"

पल्लवी तिला नाशिकला घेऊन गेली. डॉक्टरांनी तपासलं, तुकडा काढून पाठवला. आठवड्याने अहवाल आला. गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग. गाठ साडेचार सेंटिमीटर.