पलीकडे राहिलेला दांडा

मी एक जुनी तिरडी आहे. मित्रांनो, नाव ऐकून लगेच पान उलटू नका. माझ्यावर आजवर जे जे निजले, त्यांच्यापैकी एकानंही माझी तक्रार केलेली नाही.

माझा जन्म समुद्रातून झाला म्हटलं तरी चालेल. आमच्या बेटावर झाड औषधालासुद्धा सापडत नाही, वारा उगवूच देत नाही. एका हिवाळ्यात फुटलेल्या जहाजाची डोलकाठी आमच्या खडकांवर येऊन पडली. होड्या बांधणाऱ्या नीलनं ती उभी चिरून तिचे दोन लांब दांडे केले, मध्ये आडव्या पट्ट्या घातल्या आणि लाकडी खुंट्यांनी सगळं आवळून टाकलं. एकाच डोलकाठीचे दोन दांडे, म्हणजे सख्खे भाऊच. ते एकमेकांपासून कधी दूर होतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आमचं क्रोगरी गाव बेटाच्या पूर्वेला आहे. इथं सगळा खडक. बटाट्यापुरती माती लोकांनी समुद्रातलं शेवाळ पाठीवर वाहून तयार केली आहे, पण माणूस पुरण्याइतकी खोल माती कुठेच नाही. म्हणून गावात कोणी गेलं की त्याची शवपेटी माझ्यावर ठेवून, डोंगर ओलांडून, पश्चिमेच्या वाळूतल्या दफनभूमीत न्यायची. सात मैलांची वाट आणि पाच विसावे. एका वेळी आठ जण खांदा देत, बाकीचे पुरुष दोन रांगा करून चालत. पुढची जोडी बाजूला झाली की मागची आत शिरे, आणि माझी चाल थांबत नसे. मला जमिनीला टेकवायचं ते फक्त विसाव्यापाशी. तिथे प्रत्येकानं दगडांच्या राशीवर आपला एक दगड ठेवायचा, घोटभर व्हिस्की घ्यायची आणि उठायचं. बायका मात्र गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंतच येत आणि तिथून मागे फिरत. हे कोणी ठरवलं, कोण जाणे. रीत होती, एवढंच.

नीलच्या मुलाचं नाव टॉर्कल. टॉर्कलची बायको गेली तेव्हा त्यांची पेगी नऊ वर्षांची होती. ओढ्यापाशी सगळ्या बायका थांबल्या आणि पेगी बापाचा कोट धरून पाण्यात शिरली. त्या दिवशी शेजारच्या रोरीनं पहिल्यांदाच खांदा दिला होता. अठरा वर्षांचा तो, आपण मोठे झालो हे दाखवायची घाई.

"ए पेगी, मागे फीर," तो म्हणाला. "बायका इथंच थांबतात."

"ती माझी आई आहे."

"असू दे. वर खूप चढ आहे. आम्ही नेतो ना नीट."

तिनं कोट सोडला. आम्ही डोंगरावर चढेपर्यंत ती ओढ्याच्या काठावर उभी होती. चार माणसांचं ओझं मी तेव्हा सहज पेलत असे, पण त्या दिवशी मला फार जड झालं होतं.

टॉर्कलला त्यानंतर त्या वाटेचा नादच लागला. दलदलीत सपाट दगड बसवायचे, पाणी काढून द्यायचं, ढासळलेल्या राशी पुन्हा रचायच्या. पेगी मोठी झाली तशी तीही फावडं घेऊन जाऊ लागली. पुढे किनाऱ्यानं डांबरी रस्ता झाला, काळी गाडी आली आणि मी टॉर्कलच्या कोठारात भिंतीवर गेले. पेटी वीस मिनिटांत पलीकडे पोचू लागली. माणसं म्हणाली, बरं झालं, सुटलो. मलाही वाटलं की बरं झालं. पण खरं सांगते, रिकामं टांगून राहण्यासारखं दुसरं दुखणं नाही.

चौऱ्याऐंशीव्या वर्षी टॉर्कल गेला. जाताना पेगीला म्हणाला होता, मला वाटेनंच ने. दुसऱ्या दिवशी रोरी कोठारात आला. आता तो गावचा जाणता माणूस, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा.

"गाडी सांगितली आहे," तो म्हणाला.

"बाबांना मी शब्द दिलाय, रोरी."

"शब्द तू दिलास, खांदे कोण देणार? गावात पुरुष आम्ही सात. त्यातल्या दोघांना गुडघे नाहीत. मेंढ्यांना सांगू का?"

"मेंढ्या तुझ्यापेक्षा बऱ्या चढतात. मी आहे आठवी."

रोरी म्हणाला, "पेगी, रीत ठाऊक आहे तुला."

"तूच शिकवलीस. ओढ्यात उभी होते मी."

खाली किनाऱ्यावर त्या दिवशी नऊ जणांचे तंबू लागले होते. डोंगर तुडवायला आलेली शहरी माणसं, रंगीबेरंगी कोट घातलेली, चिलटांनी फोडून काढलेली. त्यांच्यातली एक बाई वाट विचारायला कोठाराच्या दारात आली आणि तिनं सगळं ऐकलं.

"आम्ही उद्या त्याच वाटेनं जाणार आहोत," ती चाचरत म्हणाली. "आमचे खांदे चालतील का?"

रोरीनं तिला नखशिखान्त पाहिलं. "पाठीवरची बोचकी उतरवली तर चालतील," तो म्हणाला.

मित्रांनो, दुसऱ्या दिवशी मी पुन्हा भिंतीवरून उतरले. परक्यांना पाऊल जुळवता येईना. पहिल्या मैलात माझी होडी झाली होती, इकडे कल, तिकडे कल. रोरी पुढून ओरडायचा, "डावा, बाबांनो, डावा! टॉर्कलला उलटी होईल." ओढा आला तेव्हा मात्र तोही थांबला. पेगी मागच्या रांगेत होती. रोरी पुढच्या डाव्या टोकावरून बाजूला झाला आणि नुसता तिच्याकडे पाहत राहिला. पेगी पुढे आली, माझ्या दांड्याखाली खांदा दिला, आणि पाण्यात उतरली. तिला रडू येत होतं, पण पाऊल चुकलं नाही. माझ्या सगळ्या आयुष्यात त्या दिवसाइतकी मी कधी सुखी झाले नाही. असं म्हणणं तिरडीला शोभत नसेल, पण खरं आहे ते.

ते नऊ जण घरी गेले आणि त्यांनी लोकांना सांगितलं. मग वाटेवर चालणाऱ्यांची रीघ लागली. उन्हाळ्यात रोज कोणी ना कोणी यायचं. पेगी वाट राखायची आणि ते चालायचे. "इतकी सुरेख वाट कोणी केली?" असं कोणी विचारलं की ती म्हणायची, "मेलेल्यांनी." पोरं हसायची, फोटो काढायची, राशीवर बसून चॉकलेट खायची. मला पाहायला कोठारात कोणी आलं नाही. माझ्या पट्ट्यांना कीड लागली आणि दोनदा मेंढी माझ्या सावलीत व्याली.

संध्याकाळी रोरी चहाला यायचा. एकदा पेगी त्याला म्हणाली, "माझ्या वेळेला ओढ्यापाशी थांबवू नकोस हं."

"तुझ्या आधी मीच जाणार."

"तू कसला जातोस. तुला वरसुद्धा पुढचा बाक लागेल, तो रिकामा व्हायला वेळ आहे."

"बरं," रोरी म्हणाला. "वाटेनं नेईन."

पेगी दोन वर्षांपूर्वी गेली, ऐन फेब्रुवारीत. फेब्रुवारीत कोणी डोंगर चढायला येत नाही. गावात दिवा लागणारी घरं चार उरली होती आणि चालता पुरुष एकच, ऐंशी वर्षांचा रोरी. शहरातून पेगीच्या मावसभावाचा मुलगा आला. भला माणूस. त्यानं गाडी सांगितली.

"काका, आठ माणसं कुठून आणायची?" तो म्हणाला. "तुम्हीच सांगा."

सकाळी सगळे पेगीच्या घरी जमले असताना रोरी एकटाच कोठारात आला. माझा दांडा धरून उभा राहिला.

"एकट्यानं तुला कसं उचलू गं?" तो म्हणाला. मला म्हणाला की तिला, ते कळलं नाही.

मग त्यानं हातोडी घेतली आणि डाव्या बाजूच्या खुंट्या एकेक करून बाहेर ठोकल्या. नीलनं घट्ट बसवल्या होत्या त्या, सहज निघाल्या नाहीत. डावा दांडा सुटला. पेगीनं ज्याच्याखाली खांदा दिला होता, तोच. इतक्या वर्षांत वाळून हलका झाला होता. रोरीनं तो खांद्यावर घेतला आणि ओढ्याकडे निघाला. काळी गाडी रस्त्यानं गेली आणि तो डोंगरानं गेला.

चार दिवसांनी तो कोठारात परत आला आणि माझ्याजवळ उलट्या बादलीवर बसला.

"पोचलो तेव्हा माती टाकून झाली होती," तो म्हणाला. "पाचही विसावे घेतले मी. पाचही ठिकाणी दगड ठेवला. वेळ लागला." मग म्हणाला, "दांडा तिथंच ठेवलाय, तिच्या उशाशी, दफनभूमीच्या भिंतीला टेकवून. परत आणायचं बळ नाही राहिलं."

तेव्हापासून मी अर्धी आहे. एका दांड्याच्या तिरडीवर मांजरसुद्धा निजत नाही. आता लोक मला वाचवायचं म्हणतात, काचेत ठेवून रंग द्यायचा म्हणतात. मित्रांनो, मला रंग नको आणि काचही नको. वस्तू पुसून ठेवल्यानं टिकत नाही, कोणाच्या तरी उपयोगी पडली तरच टिकते. माणसांचंही तसंच असावं.

तुमच्यापैकी कोणी कधी त्या वाटेनं पलीकडे गेलात, तर वाळूतल्या भिंतीपाशी एक लांब, करडा दांडा दिसेल. पेगीला विचारा. ती नाही म्हणायची नाही. दोघांनी खांद्यावर घ्या, पाच विसावे घ्या आणि ओढा ओलांडून माझ्याकडे आणा. खुंट्या रोरीनं जपून ठेवल्या आहेत, चुलीवरच्या डब्यात. आणि शक्य तितक्या लवकर या. रोरी आता ब्याऐंशीचा आहे, आणि त्यानं स्वतःसाठी अजून कोणाकडे खांदा मागितलेला नाही.