कोणी न्यायला न आलेल्या वस्तू

रविवारी माझी आई कायमची आमच्याकडे राहायला येणार होती आणि मागच्या खोलीत माणूस सोडा, झाडू शिरायलाही जागा नव्हती.

ती खोली माझ्या सासऱ्यांची. चाळीस वर्षं त्यांनी पंखे, मिक्सर, इस्त्र्या, रेडिओ दुरुस्त केले. दुकान बंद केलं तेव्हा लोकांनी परत न नेलेल्या वस्तू त्यांनी घरी आणल्या. प्रत्येकीला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, कोणाची आहे ते लिहून. सगळ्या दुरुस्त, पुसलेल्या, मालकाची वाट बघत. वीस वर्षांत एक मालक फिरकला नव्हता. बाबा वाट बघून कधी थकले नाहीत. थकले मी, कारण नोकरी सांभाळून त्यांची धूळ पुसणं माझ्याकडे होतं.

म्हटलं, विकून टाकू. आईचे गुडघे गेलेत, तिला खाली झोपता येत नाही. आलेल्या पैशांत एक पलंग होईल. बाबा डोळे तपासायला गेले तेवढ्यात मी जाहिरातीसाठी फोटो काढायला घेतले. मळक्या चिठ्ठ्या फोटोत वाईट दिसत होत्या. कात्री घेतली, सगळ्या कापल्या आणि कचऱ्याच्या गाडीत टाकून मोकळी झाले.

बाबा आले, बघितलं आणि स्टुलावर बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं, मलाही ओरडता आलं असतं.

"सूनबाई, चिठ्ठी होती तोवर ही लोकांची ठेव होती. आता चोरीचा माल झाला."

"बाबा, वीस वर्षं झाली! कोण येणारे आता इस्त्री मागायला?"

"येतील."

"आणि माझी आई कुठे झोपणार? तुमच्या पंख्यांवर?"

नवरा मधे पडला नाही. तो कधीच पडत नाही. "तुम्ही दोघं ठरवा," म्हणाला आणि अंघोळीला गेला.

शेवटी बाबांनीच तोडगा काढला. जाहिरात द्यायची, पण विक्रीची नाही. आपली वस्तू ओळखा आणि घेऊन जा, अशी. नावं त्यांना आठवत नव्हती, पण कोणत्या यंत्राचं काय दुखत होतं ते तोंडपाठ होतं. येणाऱ्याने तेवढं सांगायचं, दुरुस्तीचे पैसे जुन्याच भावाने द्यायचे आणि वस्तू उचलायची. मी हात जोडले. पलंग गेला तर गेला, निदान खोली तरी रिकामी होऊ दे.

शुक्रवारी मी रजा टाकली. सकाळीच दारात रांग लागली.

"हा मिक्सर माझा," पहिला म्हणाला.

"काय बिघडलं होतं?"

"चालत नव्हता."

"चालत असता तर माझ्याकडे कशाला आला असता? पुढचा!"

दिवसभरात एकच वस्तू गेली. एका म्हाताऱ्या बाईंनी पंख्याकडे बघून सांगितलं, "याला आधी काठीने ढकलावं लागायचं." बाबांनी तो स्वतः रिक्षापर्यंत नेऊन दिला. बाकीचे सगळे हात हलवत परत गेले. जेवताना बाबा हसून हसून सांगत होते, "काय थापा मारतात लोक! अगं, त्या मिक्सरचं भांडं गळायचं. आणि ती काळी इस्त्री एकाच बाजूने तापायची. लाकडी रेडिओचा आवाज आपोआप वाढायचा."

असं करत त्यांनी एकेका वस्तूचं दुखणं सांगून टाकलं. मी वाढत होते आणि कान देऊन ऐकत होते.

शनिवारी मी फाटकाशी उभी राहिले. "काय हवंय? मिक्सर? मग भांडं गळायचं म्हणा." कोणी गोंधळले, कोणी "थँक्यू ताई" म्हणून हसले. बाबांना फसवतेय हे कळत होतं, नाही असं नाही. पण दुसऱ्या दिवशी आई येणार होती आणि माझ्या अंगात भांडायचंही त्राण उरलं नव्हतं.

आत बाबा विचारत होते, लोक उत्तर देत होते, आणि प्रत्येक उत्तरागणिक म्हाताऱ्याचा आवाज चढत होता. "बरोब्बर! घेऊन जा!" पाच वाजेपर्यंत खोलीत फक्त दोऱ्याचे तुकडे उरले.

मी आत गेले तर बाबा भिंतीला टेकून उभे होते. डोळे भरून आलेले.

"आले की नाही, सूनबाई? काल सगळे लुच्चे आले होते, आज खरे आले. दोन दोन दशकं झाली, तरी एकेकाला आठवत होतं. तुझ्या सासूबाई मला वेडा म्हणायच्या. आज हव्या होत्या."

मग त्यांनी माझा हात धरून त्यात एक पाकीट ठेवलं.

"तुझ्या आईच्या पलंगाला. जुन्या भावाचे आहेत, थोडे कमी पडतील. पण घे, खऱ्या कमाईचे आहेत."

मी पाकीट घेतलं. "हो बाबा," म्हटलं. मग फडकं भिजवलं आणि त्यांच्याकडे पाठ करून फरशी पुसायला बसले.