शेवटच्या कडव्यातलं नाव

मित्रांनो, मी एक जुनी बाजाची पेटी आहे, अहमदपूरच्या एका गायन पार्टीची. गोड आठवणी ऐकायला बसला असाल तर माझ्याजवळ त्या थोड्याच आहेत. मी सांगते ते सगळं बरोबरच असेल, असंही नाही. माझा राग अजून गेलेला नाही.

हैदराबादच्या एका कारागिराने मला सागवानातून घडवलं. पार्टीचे म्होरके मारोतीदादा यांनी मला विकत आणलं आणि पुढे पंधरा वर्षं माझा भाता त्यांच्याच हाताने हलला. गाणी रचायचा आणि गायचा शेषेराव. चांगुणाबाई त्याच्यामागे कोरस धरायच्या. एप्रिलात, जयंतीच्या महिन्यात, रेणापूरपासून अर्धापूरपर्यंत आम्हाला बोलावणी असत. आमच्याकडे रचणाऱ्याचं नाव गाण्याच्या शेवटच्या कडव्यात घालतात. 'शेषेराव सांगे' आलं की टाळ्या पडायच्या. भाता ओढून खांदा दुखायचा तो मारोतीदादांचा, आणि माझ्याकडे तर कोणी बघतही नसे.

मग लातूर जिल्हा वेगळा झाला. नव्या कचेऱ्या उघडल्या आणि त्यांतल्या एकीत शेषेरावाला नोकरी लागली. पुढे पाऊस लागोपाठ हुकला. विहिरी आटल्या, तशी बोलावणीही आटली. अशा दिवसांत त्याने नोकरी धरली यात गैर काही नव्हतं, हे मला आज कळतं. पण मारोतीदादांनी त्याला निदान जयंतीपुरतं तरी ये म्हणून विनवलं, तेव्हा तो म्हणाला, "साहेब लोकांत उठबस हाय माझी आता. टँकरच्या रांगेपुढं कुठं गात बसू? आन् माझ्याबिगर तुमची पार्टी म्हंजे नुसती पेटी."

नुसती पेटी. ते मी विसरले नाही.

मारोतीदादाही विसरले नाहीत. शेषेरावाशिवाय कॅसेट काढायची आणि तीही जयंतीच्या आधी, असा त्यांनी हट्ट धरला. कॅसेट गावोगाव वाजली तर बोलावणी येतील, नाही तर पार्टी मोडली, हे सगळ्यांना माहीत होतं. गाणी मात्र सगळी शेषेरावाचीच. तेव्हा शेवटच्या कडव्यातून त्याचं नाव काढून मारोतीदादांचं घालायचं ठरलं.

नांदेडला एका दुकानाच्या माडीवर, भिंतींना गोधड्या टांगलेल्या खोलीत आम्ही बसलो. कोरड्या हवेने माझं लाकूड तडकलं होतं. मारोतीदादांनी फटीवर खळीने कागद चिकटवला आणि सुरुवात केली. शेषेरावाच्या जागी आता चांगुणाबाई गात होत्या; त्यांचा आवाज जाडसर होता, पण खणखणीत लागला. शेवटचं कडवं आलं आणि त्या म्हणाल्या, 'शेषेराव सांगे'. सवयीनं आलं असेल म्हणून पुन्हा घेतलं. पुन्हा तेच.

मारोतीदादा भडकले. "लईच पुळका यायलाय तुमाला त्याचा. जावा मग लातूरला, चहा पाजील कचेरीत."

चांगुणाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "त्याचं तोंड बघायची इच्छा न्हाई मला. माझ्या लेकीच्या लग्नाला बी आला न्हाई त्यो. माणूस हलका हाय, दादा. पण गाणं त्याचंच हाय. आपली नावं लोकांनी खोडलेली लई बघितली आपण. आता आपुनच खोडायला बसायचं का?"

मग मारोतीदादा म्हणाले, "म्हणा त्याचं नाव. पण माझ्या पेटीवर न्हाई."

आणि त्यांनी तसंच केलं. नाव आलं की ते माझ्यावरचे हात उचलत. प्रत्येक गाण्यात मी तेवढ्यापुरती गप्प झाले आणि चांगुणाबाईंनी ते नाव एकट्याने म्हटलं.

कॅसेट वाजली. त्या जयंतीला सात गावांनी बोलावलं. नावाशी पेटी थांबते हे लोकांना फार आवडलं. त्यांना वाटलं, शेषेरावाला मान दिला. शेषेरावाने एवढाच निरोप धाडला, की तुमची पेटी बिघडली आहे. तो परत आला नाही आणि मारोतीदादांनीही त्याला बोलावलं नाही.

आता मी समाजमंदिराच्या कोपऱ्यात आहे. भाता उंदरांनी कुरतडला आहे. जमलं तर तो शिवून घ्या. मित्रांनो, कोणाला माफ करा असं मी सांगत नाही. मला स्वतःला ते जमलेलं नाही. पण गाणं ज्याचं आहे त्याचं नाव त्यात राहू द्या. ते म्हणताना तोंड कडू झालं तरी म्हणा.